सिम सगळ्यात शेवटी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

स्मार्टफोन सोडून साधा फोन घ्यायचं ठरवलंस आणि कुठला घेऊ म्हणून विचारलंस. त्याकडे येतोच, पण आधी जुन्या फोनातून नीट बाहेर पडायचं बघ. तुझ्या किल्ल्यांचा अख्खा जुडगा त्यात आहे: बँक, ईमेल, ओटीपी, गटांचे निरोप. बहुतेक जण उत्साहाच्या भरात सिम काढून नव्या फोनात घालतात. कॉल लगेच सुरू होतात आणि दोन दिवसांनी ईमेल उघडेनासं होतं. म्हणून सिम सगळ्यात शेवटी.

पहिल्यांदा ऑथेंटिकेटर ॲप उघड, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डनंतर लागणारा कोड दाखवणारं ॲप. त्यातले दर 30 सेकंदांनी बदलणारे सहा आकडी कोड कुठून येत नाहीत. खातं जोडताना क्यूआर कोडातून एक गुप्त किल्ली फोनात साठवली जाते आणि ती किल्ली व घड्याळ यांवरून फोन स्वतःच कोड काढतो. त्यामुळे सिम नसलेल्या, अगदी नेट नसलेल्या जुन्या फोनातही कोड मिळत राहतात. फक्त घड्याळ मिनिट-दोन मिनिटं मागेपुढे झालं की कोड नाकारला जातो, तेव्हा अधूनमधून वायफायला जोडून वेळ जुळवून घ्यायची. फोन रिसेट केलास तर किल्ली गेलीच. तेव्हा आधी ती खाती संगणकावरच्या पासवर्ड व्यवस्थापकात (पासवर्ड आणि असे कोड जपून ठेवणाऱ्या ॲपात) हलव आणि प्रत्येक खात्याचे बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना लॉगिनला चालणारे कोड, कागदावर उतरवून ठेव. गुगल असे आठ आकडी 10 कोड देतं. प्रत्येक एकदाच चालतो.

मग निरोप. आयफोन असेल तर सेटिंगमधून आयमेसेज बंद कर, अँड्रॉइड असेल तर आरसीएस चॅट बंद कर (दोन्ही एसएमएसऐवजी नेटवरून निरोप पाठवतात), आणि हे सिम आत असतानाच कर. राहिलं तर समोरच्याचा फोन तुझे निरोप जुन्याच वाटेने पाठवत राहतो. त्याला वाटतं गेला, आणि तुझ्या साध्या फोनात काहीच येत नाही. व्हॉट्सॲप संगणकावर जोडून वापरता येतं, पण मूळ फोन 14 दिवसांत एकदाही ॲप उघडून नेटवर आला नाही तर जोडलेली उपकरणं बाहेर पडतात. आठवड्याचा एक वार ठरवून टाक. बँकांची कित्येक ॲप मात्र फोनात तेच सिम आहे का हेही तपासतात. कुठली अडतात हे कळायला सोपी चाचणी आहे: सिम काढून जुना फोन चार दिवस नुसत्या वायफायवर वापर. जे ॲप कुरकुरेल त्याचं काम संगणकावरून होतं का ते तेव्हाच पाहून घे.

संपर्क सिमवर साठवून नेऊ नकोस. सिमवर साधारण 250 नावं मावतात, नाव अर्ध्यात तुटतं, एका माणसाचे दोन क्रमांक असतील तर वेगळ्या नोंदी होतात किंवा एक गळतो. देवनागरी नावं तर आणखी लवकर तुटतात, कारण एका अक्षराला दुप्पट जागा लागते. त्याऐवजी संपर्कांची व्हीसीएफ फाइल (नावं-क्रमांक एकत्र साठवणारी फाइल) काढ आणि मेमरी कार्डवर किंवा ब्लूटूथने ने. त्यातले फोटो आधी काढून टाक, नाहीतर फाइल फुगते आणि साधा फोन मध्येच अडकतो. काही फोन एका फाइलीतलं पहिलंच नाव उचलतात. तसं झालं तर प्रत्येक नावाची वेगळी फाइल करावी लागते. खरं तर ही छाटणीची चांगली संधी आहे. 400 नावांतली 60 तरी लागतात का बघ. क्रमांक मात्र + आणि देशाच्या कोडासह असू देत.

आता फोन. खोक्यावर 4जी लिहिलं असलं तरी व्होल्टी, म्हणजे 4जीवरूनच कॉल करायची सोय, आहे का ते वेगळं विचार. 2जी-3जी जिथे बंद झालंय तिथे व्होल्टी नसलेल्या फोनावरून कॉल लागतच नाही. असूनही तुझ्या कंपनीच्या नेटवर्कवर ते चालेलच असं नाही, म्हणून कॉल लावून पडद्यावरची खूण बघ; बोलताना 4जीची 2जी झाली तर व्होल्टी चालत नाहीये. सिमचा खण मोठा असला तर नॅनो सिमला अडॅप्टर लागतो. रिकामा अडॅप्टर कधीही आत सरकवू नकोस, बाहेर ओढताना खणातल्या पिना त्यात अडकून वाकतात. मेमरी कार्ड 32 जीबीपर्यंतचंच घे. त्यावरची कार्डं वेगळ्या फॉरमॅटची असतात आणि साध्या फोनांना बहुधा वाचता येत नाहीत. देवनागरीत एक एसएमएस लिहून बघ: जोडाक्षरं फुटतात का, चौकोन दिसतात का. आणि कळा अंगठ्याने दाबून बघ, कारण पुढची काही वर्षं तुला त्याच दाबायच्या आहेत.

टंकनाचा हिशोब बदलेल. एका एसएमएसला 140 बाइट मिळतात. त्यात इंग्रजी 160 अक्षरं बसतात, देवनागरी 70, आणि मजकूर जोडून गेला तर प्रत्येक भागात 67. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘क्षमा’ दिसायला दोन अक्षरं, मोजायला पाच. लांबलचक माफी मागायची असेल तर सरळ फोनच कर.

सिम हलवण्याआधी दोन आठवडे तात्पुरती सोय अशी कर: साध्या फोनात दुसरं सिम घाल आणि जुन्या फोनवरून \*21\*, पुढे नवा क्रमांक, शेवटी # असं दाबून कॉल वळव. बंद करायला ##21#. एसएमएस मात्र वळत नाहीत. ओटीपी जुन्याच फोनावर येतील. (हे कोड दाबायला कोणी अनोळखी माणूस फोनवर सांगत असेल तर दाबू नकोस, तुझे कॉल त्याच्याकडे जातील.)

नकाशे, तिकिटं, कॅमेरा याबद्दल फार लिहीत नाही. त्यांची उणीव भासेलच. निघण्याआधी रस्ता कागदावर लिहायचा, तिकीट छापायचं.

सिम हलवलंस की पहिल्याच दिवशी साध्या फोनातला मोबाइल डेटा बंद कर. ब्राउझरची कळ खिशात दाबली जाते. जुना फोन कायम चार्जरला लावून ठेवू नकोस, बॅटरी फुगते. पुढे कोणाला द्यायचा झाला तर रिसेटच्या आधी त्यातलं खातं काढ, नाहीतर नव्या माणसाकडे तो तुझाच पासवर्ड मागत बसेल.

तुझा मित्र