ठरावात काय लिहावे, याविषयी

ती. आई-बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, ग्रामसभेपुढे ठेवायच्या ठरावाचा मसुदा तुमच्याकडे आला असून त्यावर तुमची सही हवी आहे, असे तुम्ही फोनवर सांगितलेत. ‘तालुक्यातील सर्व बिबटे पकडून अन्यत्र सोडावेत’ हे त्यातले मुख्य वाक्य. तुम्ही माझे मत विचारलेत, मी बोलू लागले, आणि ‘तुम्हा पुणेकरांना बिबट्याचे कौतुक’ असे म्हणून तुम्ही फोन आईच्या हातात दिलात. फोनवर आपला दोघांचाही आवाज चढतो, म्हणून लिहिते.

कौतुकाचा प्रश्नच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांच्या अवधीत तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरे होती. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला, आणि मग बिबट्याला ठार करण्याची परवानगी व नेमबाज दोन्ही लगोलग आले. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या प्राण्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 नुसार देता येते. ही तरतूद काही त्या आठवड्यात जन्मलेली नव्हती. रस्ता अडवल्यावरच कागद हलतो, असे गावांनी मनाशी धरले तर मी त्यांना दोष देणार नाही. तेव्हा ठराव होऊ नये, असे माझे म्हणणे नाही. त्यातले ते एक वाक्य घातक आहे, एवढेच म्हणणे आहे.

कारण हा प्रयोग आपल्याच भागात होऊन गेला आहे. 2001 ते 2003 या काळात जुन्नर परिसरात मोठ्या संख्येने बिबटे पकडले गेले आणि दूरच्या जंगलांत सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की आधी जिथे वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते, तिथे हे सत्र सुरू झाल्यावर ती सरासरी 17 वर गेली. हल्ले तर वाढलेच, शिवाय ते अधिक जीवघेणे झाले. पकडलेला बिबट्या सोडलेल्या जागी थांबतोच असे नाही. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीतून काढलेल्या एका बिबट्याला गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले होते. तो महामार्ग आणि वस्त्या ओलांडत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. शिवाय एकाची हद्द रिकामी झाली की दुसरा, बहुधा तरुण आणि त्या जागेला नवखा, तिथे येतो. आपल्या गावाने दिलेला बिबट्या कुठल्या तरी दुसऱ्या गावाच्या वाट्याला येईल आणि त्या गावाचा आपल्या वाट्याला. बाबा, असा ठराव सगळीकडे झाला तर बिबट्यांची फक्त अदलाबदल होईल.

उरतो जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राचा मार्ग. जो खरोखर माणसांवर हल्ले करतो, त्याला तिथे जन्मभर ठेवावे, याला माझी हरकत नाही. पण जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर अशा चार तालुक्यांचे बिबटे ठेवायला तिथे जागा कुठून येणार?

मूळ गोष्ट तुम्ही माझ्यापेक्षा चांगली जाणता. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे आले, बाजरीच्या जागी ऊस आला; आडसाली ऊस तर दीड वर्ष शेतात उभा. बिबट्याला पाणी, आडोसा, आणि खायला वस्तीभोवती कुत्री, शेळ्या, वासरे. आज सापडणारी त्याची पिल्ले तोडणी चालू असताना उसाच्या फडातच सापडतात, म्हणजे त्यांना जंगल म्हणून ठाऊक आहे तो आपला ऊसच. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विष्ठेवरून केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने 87 टक्के वाटा पाळीव आणि भटक्या प्राण्यांचा निघाला, त्यात एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. मग बिबट्यांनी वस्तीत येऊ नये म्हणून जंगलात शेळ्या सोडण्याच्या सरकारी घोषणेवर गावात हशा पिकला असेल, तर तो अगदी रास्त होता.

आता पुण्याविषयी, कारण टोमणा मला लागला आहे. मी पत्रकारिता शिकवते, त्यामुळे या गोंधळाची दुसरी बाजू रोज पाहते. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एका संध्याकाळी वाचनालयामागे बसलेल्या बिबट्याचे चित्र फिरले. ते एआयने बनवलेले आहे हे कळेपर्यंत मुलींच्या वसतिगृहाचे दार लवकर बंद करण्याची सूचना निघाली होती; मुलांच्या वसतिगृहाला मात्र ती लागू नव्हती. (बिबट्या मुलगा-मुलगी भेद करतो, हे ज्ञान व्यवस्थापनाला कुठून झाले, असे माझ्या विद्यार्थिनींनी लेखी विचारले आहे. उत्तर नाही.) नंतर त्याच विषयावर वादसभा झाली. एका बाजूला ‘बिबट्याच्या घरात माणूस शिरला’ म्हणणारी मुले, दुसऱ्या बाजूला ‘दिसताच गोळी घाला’ म्हणणारी, आणि दोन्हींकडे फड जवळून पाहिलेला विद्यार्थी विरळा. आंबेगावच्या एका मुलाने उठून विचारले, की आमच्या शेताची लाइट रात्री का येते यावर कोणी बोलणार आहे का? टाळ्याही पडल्या नाहीत, कारण त्याचा प्रश्न कोणत्याच बाजूचा नव्हता.

वाहिन्यांचेही तेच. पिंजऱ्यात डरकाळणारे जनावर आणि पेटलेली गाडी दिवसभर दाखवता येते. शेतीपंपाची मोटर सुरू करायला रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन निघालेला शेतकरी दाखवायला काय आहे? शेतात काम करताना बिबट्या मानेवर झेपावू नये म्हणून गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालणाऱ्या पिंपरखेडच्या बायका मात्र देशभर दिसल्या. त्या छायाचित्रांनी निदान लोकांना दचकवले. पण पट्टा विकत घेण्याची वेळ का आली, इथपर्यंत बातमी क्वचितच गेली.

म्हणून माझी विनंती अशी, की ठरावात पहिली मागणी शेतीसाठी दिवसा विजेची असावी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याचसाठी आहे; आपल्या फीडरला, म्हणजे आपल्या वीजवाहिनीला, ती कधी लागू होणार, याचे तारखेसह उत्तर मागा. त्यानंतर बंदिस्त गोठ्यांसाठी अनुदान, शाळेच्या आणि वस्तीच्या वाटेवर दिवे, घरापासून काही अंतरापर्यंत ऊस न लावण्याचा गावाचा स्वतःचा नियम. हा शेवटचा मुद्दा लोकांना रुचणार नाही, कारण त्यात सरकारला शिव्या देता येत नाहीत आणि बांधापर्यंतचे उत्पन्न जाते.

आणखी एक, जे मसुद्यात कुठेच नाही. सर्वांत उघड्यावर कोण राहते? ऊसतोड कामगार कोप्यांत, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांत, आणि धनगर मेंढ्यांच्या वाड्यावर. त्यांची मुले पहाटे आईबापांबरोबर फडाच्या कडेला असतात, शौचाला उसातच जातात. त्यांचे नाव आपल्या मतदार यादीत नाही, त्यामुळे ग्रामसभेत त्यांच्या वतीने कोणी उभे राहणार नाही. साखर कारखान्याने तोडणीच्या टोळीसाठी दिवे, जाळीचे कुंपण आणि फिरती शौचालये पुरवावीत, हे वाक्य तुमच्या हस्ताक्षरात गेले तर त्याला वजन येईल. पस्तीस वर्षे शिकवलेल्या गुरुजींना गाव टाळत नाही.

आई, तुझ्यासाठी वेगळे लिहिते. शेळ्या ओसरीवर बांधू नकोस, आणि पहाटे अंधारात एकटी गोठ्याकडे जाऊ नकोस. बाबांना रात्री मोटरीवर जायचेच असेल तर शेजारच्या काकांना हाक मारायला लाव. ते माझे ऐकणार नाहीत, तुझे ऐकतील. गोठ्याला जाळी लावण्याचा खर्च मी पाठवते, त्यावर वाद नको.

बाबा, मसुदा सही करण्याआधी व्हॉट्सअॅपवर पाठवा. ग्रामसभा रविवारी असेल तर मी शनिवारच्या एसटीने येते. तुम्हाला माझे पटले नाही तर तिथे सर्वांसमोर खोडून काढा, पण हल्ले चारावरून सतरावर गेल्याचे ते आकडे आधी वाचून दाखवा.

तुमची,
धाकटी