लसीकरणाचा लघुसंदेश नेमका कोणासाठी?

महोदय,

बालकांच्या लसीकरणाची आठवण पालकांना मोबाइलवरील लघुसंदेशाने द्यावी, ही सूचना रास्त आहे. मात्र या उपायाकडून कोणती अपेक्षा धरायची, हे आधी ठरवायला हवे.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २०२३ साली जगातील १ कोटी ४५ लाख बालकांना घटसर्प, धनुर्वात व डांग्या खोकल्यावरील लसीची एकही मात्रा मिळाली नव्हती, तर आणखी ६५ लाखांच्या मात्रा अर्धवट राहिल्या होत्या. ज्यांचे नावच कोणत्याही नोंदवहीत नाही, त्यांना संदेश पाठवणार कोठे? तो उपयोगी पडेल तो दुसऱ्या गटाला, कारण ही मुले एकदा तरी केंद्रावर आलेली असतात.

सर्वाधिक विसर पडतो तो मात्रांमधील लांब अंतरामुळे, असा माझा अनुभव आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या मात्रा पाठोपाठ येतात, म्हणून त्या लक्षात राहतात. पुढे गोवराची लस वयाच्या नऊ महिन्यांनंतर द्यायची असेल तर मध्ये पाच महिन्यांहून अधिक काळ जातो, आई कामावर परतते आणि लसीकरणाचे कार्ड कपाटात कागदांखाली जाते. गोवराची साथ रोखण्यासाठी दोन्ही मात्रा ९५ टक्के मुलांपर्यंत पोहोचाव्या लागतात. २०२३ मध्ये जगभरात पहिली ८३ टक्के मुलांना मिळाली, दुसरी केवळ ७४ टक्क्यांना. आठवण द्यायची ती या टप्प्यांवर.

तरीही सारा दोष विसरभोळेपणाचा नाही. केनियाच्या ग्रामीण भागातील, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संदेश न मिळालेल्या गटातील ८२ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झाले आणि केवळ संदेश मिळालेल्या गटात ८६ टक्के, म्हणजे ठामपणे काही म्हणावे एवढा फरक पडला नाही. संदेशासोबत पुरेशी रोख रक्कम मिळाली तेथे मात्र प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. प्रवासखर्च आणि बुडालेला रोज यांवर संदेशाकडे उत्तर नसते.

संदेशात तारीख आणि ठिकाण तर हवेच, पण उशीर झाला तरी आधीच्या मात्रा वाया जात नाहीत, पुढचीच मात्रा घ्यायची असते, हेही लिहावे. ओरडा बसेल या धास्तीने कित्येक आया येण्याचे टाळतात. (तो ओरडा आम्हीच देत असू, हे कबूल करते.) मोबाइल क्रमांक प्रत्येक भेटीत पुन्हा विचारावा, वाचता न येणाऱ्यांना दूरध्वनी करावा आणि संदेशानंतर आठवडाभरात न आलेल्या मुलांची यादी घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकेच्या हाती द्यावी.

आपली,
लसीकरण विभागातील एक निवृत्त परिचारिका