ॲडमिनला आत टाकू नका, फक्त ॲडमिनगिरी काढून घ्या

संपादक महोदय,
नमस्कार.

ग्रुपवर कोणी काही वाईटसाईट टाकलं की 'आधी ॲडमिनला आत टाका' म्हणणारे लोक आमच्या ऐरोलीत पण आहेत, आणि गेल्या महिन्यात रागाच्या भरात मी स्वतःच तसं बोलून गेलो. झालं असं, आमच्या सेक्टरचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आठशेच्या वर मेंबर, त्यावर रात्री साडेनऊला एकाने फोटो टाकला. हातगाडी, गाडीवर तराजू, मागे माणूस, खाली लिहिलेलं 'मुलं पळवणारी टोळी, सावध रहा, पुढे पाठवा'. तो माणूस म्हणजे आमचा भंगारवाला! दहा-बारा वर्षं माझ्या घरची रद्दी तोच नेतो. मी लिहिलं, अजून दोघांनी लिहिलं की अहो हा आपल्या ओळखीचा आहे, पण तोवर अंगठे आणि गुड नाईटच्या फुलांखाली आमचं लिहिलेलं गाडलं गेलं. ॲडमिनना तीनदा फोन केला, उचलला नाही. सकाळी गेटवर चार जणांनी त्याची कॉलर धरलेली, तराजू गटाराच्या कडेला पडलेला, वॉचमन मध्ये पडला म्हणून निभावलं. दहा वाजता ॲडमिन उगवले, 'कृपया अफवा पसरवू नका' आणि दोन हात जोडलेले. फोटो मात्र तसाच.

बरं, बिझी असतील म्हणावं तर त्याच आठवड्यात एका काकूंनी वर्गणीचा हिशोब विचारला, त्यांना दोन मिनिटांत रिमूव्ह केलं. तिथे बोट बरोबर चालतं.

मी उगाच घाबरवत नाहीये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवण्याच्या अफवेवरून भिक्षा मागायला आलेल्या ५ जणांना जमावाने ठार मारलं होतं. ते सगळं व्हॉट्सॲपवर फिरलेलं, मग त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी फक्त ५ चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली.

तरी जेल नकोच. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका केसमध्ये सांगितलंय की मेंबरने टाकलेल्या मेसेजसाठी, आधीच मिळून ठरवलेलं नसेल तर, ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. मला पटतं ते, फुकटचं काम आहे, पोलीस दारात येणार असतील तर कोण करेल? पण त्यात एक मुद्दा असा होता की ॲडमिनच्या हातात मेंबर घेणं आणि काढणं एवढंच असतं. आता तसं राहिलं नाहीये ना, २०२२ पासून ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. म्हणजे 'मी काय करणार' हे कारण संपलं.

मग शिक्षा काय, तर पद जाणं. विकिपीडियावर ॲडमिन बिनपगारीच असतात, मराठी विकिपीडियावर पण, तिथे २ वर्षं काहीच हालचाल नसेल तर आधी विचारतात आणि मग अधिकार काढून घेतात, भांडण नाही की पोलीस नाहीत. आमच्या सोसायटीच्या कमिटीला पण ५ वर्षांनी निवडणूक लागते. ग्रुपच्या ॲडमिनला कसली मुदतच नाही, त्यात आमच्या साहेबांनी ग्रुप स्वतः काढलेला, आणि ज्याने ग्रुप काढला त्याला दुसरा ॲडमिन हटवू शकत नाही, तो स्वतः बाहेर पडला तरच. म्हणजे वतनदारीच झाली की!

म्हणून आम्ही काही जणांनी ठरवलंय, नवीन ग्रुप काढायचा, तीन ॲडमिन, त्यातला एक तरी रात्री फोन उचलणारा, कोणाला काढलं तर कारण ग्रुपवरच लिहायचं, आणि असा मेसेज कळवूनसुद्धा तासाभरात काढला नाही तर त्या ॲडमिनने तीन महिने साधा मेंबर म्हणून बसायचं. काहींना हे फार कडक वाटतंय. भंगारवाला अजून गेटच्या आत येत नाही, रस्त्यावरूनच हाक मारतो, तिसऱ्या मजल्यावरून रद्दी मीच खाली नेतो, त्यामुळे मला तरी कडक वाटत नाही.

पत्र छापलंत तर कात्रणाचा फोटो जुन्या ग्रुपवर टाकणार आहे. किती मिनिटं टिकतोय बघू.

आपला,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई