सिनेमा वाईट की पडदा अंधुक?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शुक्रवारी नवा सिनेमा लागला की रविवारी रंकाळ्यावर भेळ खाता खाता नवरा-बायकोंची परीक्षणं रंगतात. ‘अहो, गोष्ट बरी होती, पण निम्मं बोलणं कळंना.’ ‘फोटोग्राफी लई काळोखी होती बघ.’ आम्हा दोघांना वाटतं की यातले बरेच शेरे दिग्दर्शकाच्या माथी विनाकारण बसतात. दोष थिएटरचा असतो.

संवादांचंच घ्या. अनेक बाजूंनी आवाज देणाऱ्या ५.१ ध्वनिव्यवस्थेत पडद्यामागे डावा, मधला आणि उजवा असे तीन स्पीकर असतात आणि पडद्याच्या बारीक छिद्रांतून त्यांचा आवाज येतो. जवळजवळ सगळे संवाद मधल्या स्पीकरवर असतात. त्याच्या हॉर्नचा ड्रायव्हर, म्हणजे बारीक-तीक्ष्ण आवाज काढणारा भाग, गेला तरी आवाज बंद पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण स, श, च, ट पुसट होतात आणि माणसं तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखी ऐकू येतात. गाण्यांचं संगीत मुख्यतः डाव्या-उजव्या स्पीकरवर असल्यानं ती स्वच्छच वाजतात. गाणी खणखणीत आणि बोलणं घोगरं, असं असेल तर संशय मधल्या स्पीकरवरच घ्यावा.

दुसरं कारण फेडर, म्हणजे थिएटरचा आवाज कमी-जास्त करायचं बटण. डॉल्बीच्या ध्वनियंत्रावर (प्रोसेसरवर) ७ हा प्रमाण आकडा. सिनेमाचं मिक्सिंग, म्हणजे सगळ्या आवाजांची जुळणी, त्याच पातळीवर होतं. जाहिराती आणि ट्रेलर कानठळ्या बसवतात म्हणून तक्रार आली की फेडर ५ वर येतो आणि सिनेमा सुरू झाला तरी तिथंच राहतो. दोन आकडे म्हणजे सुमारे साडेसहा डेसिबल कमी. मारामारी तरीही ऐकू येते, हळू आवाजातला प्रसंग मात्र एसीच्या घरघरीत बुडतो. खरं तर प्लेलिस्टमध्ये जाहिरातींना वेगळी पातळी आणि सिनेमाला वेगळी, अशी सोय करता येते.

चित्राचंही तसंच. टूडी सिनेमासाठी पडद्याच्या मध्यभागी १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड हे प्रमाण आहे. प्रोजेक्टरमधला झेनॉन दिवा तासागणिक मंदावतो, आणि मुदत संपल्यावरही तो ओढला तर रात्रीचे प्रसंग नुसता काळा चिखल होतात. प्रोजेक्टरच्या केबिनच्या काचेवरची धूळही उजेड खाते. थ्रीडीचा फिल्टर टूडी खेळाला लेन्ससमोर तसाच राहिला तर निम्म्याहून अधिक उजेड जातो. चौकटीकडेही पाहावं: ‘स्कोप’ चौकटीची रुंदी उंचीच्या २.३९ पट, ‘फ्लॅट’ची १.८५ पट. बाजूचे काळे पडदे त्यानुसार सरकवले नाहीत तर चित्राभोवती करड्या पट्ट्या दिसतात.

हे सुधारत नाही, कारण खेळ आता आपोआप सुरू होतो आणि केबिनमध्ये बहुधा कुणी नसतं. म्हणून प्रेक्षकांनीच बोलावं, आणि मध्यंतराची वाट न पाहता पहिल्या दहा मिनिटांत. ‘आवाज बरोबर नाही’ एवढं सांगितलं की फक्त व्हॉल्यूम वाढतो. ‘मधला स्पीकर तपासा’, ‘फेडर कितीवर आहे?’, ‘थ्रीडीचा फिल्टर काढलाय का?’ असं नेमकं विचारलं की ड्युटी मॅनेजरला उठावंच लागतं. तिकीट काढतानाही पडद्यापासून दोन-तृतीयांश अंतरावरची, मधली खुर्ची घ्यावी. आवाज जुळवताना तीच जागा प्रमाण धरतात. अगदी शेवटच्या रांगेत मागच्या भिंतीवरचे स्पीकर डोक्यावर येतात आणि संवाद आणखी दबतात.

बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा बनवला. १९२९ मध्ये ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी इथंच सुरू झाली आणि १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट इथंच तयार झाला. त्या कोल्हापुरात प्रेक्षकाला संवाद ऐकू येऊ नयेत, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

आपल्या पुरवणीत शुक्रवारच्या सिनेमाला तारे दिले जातात. त्याखाली तो सिनेमा कुठल्या पडद्यावर पाहिला आणि तिथला आवाज व उजेड कसा होता, या दोन ओळी छापाव्यात ही विनंती. आणि थिएटरचालकांनी शुक्रवारच्या पहिल्या खेळाआधी संवादांचा एक प्रसंग लावून, स्वतः त्या मधल्या खुर्चीत बसून ऐकावा.

— एक सिनेप्रेमी दांपत्य, मंगळवार पेठ, कोल्हापूर