झाड चोवीस तारखेला

एसलिंगेन, जर्मनी, ७ डिसेंबर
दुसरा ॲडव्हेंट रविवार

प्रिय माधवी,

फोटो बघितल्या बघितल्या तू विचारलंस, "अगं, घर एवढं सजवलंय आणि झाड कुठाय?" फोनवर ते राहूनच गेलं. आज मुलं लवकर झोपली आहेत, तेव्हा सगळं नीट लिहिते.

नाताळचं झाड चोवीस तारखेला येतं, त्याआधी नाही. दुकानांत, चौकाचौकांत झाडं केव्हाची उभी आहेत. पण माझ्या सासरी, आणि इथल्या पुष्कळ जुन्या घरांत, चोवीसच्या सकाळपर्यंत दिवाणखान्याचा तो कोपरा मोकळा असतो. नवीन होते तेव्हा मला वाटायचं, एवढा मोठा सण आणि मुख्य गोष्टच शेवटच्या दिवशी? मग हळूहळू उमगलं की इथे सण म्हणजे मुळात वाट बघणंच. नाताळच्या आधीचे चार रविवार, म्हणजे हा ॲडव्हेंट, त्यासाठीच आहेत आणि या दिवसांत घरात जे जे मांडलं जातं ते दिवस मोजायला मांडलेलं असतं. हे मला फार आवडतं, माधवी. मुलांना वाट बघायला शिकवणारी घरं आता थोडी राहिली आहेत.

टेबलावर तुला जे हिरवं कडं दिसलं, चार मेणबत्त्यांचं, त्याची गोष्ट ऐक. हॅम्बुर्गला योहान हिनरिख विखर्न नावाचे धर्मोपदेशक गरीब, निराधार मुलांसाठी एक आश्रम चालवायचे. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी, अजून किती दिवस? १८३९ साली त्यांनी गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या चार मोठ्या, पांढऱ्या. मधल्या दिवसांच्या बारक्या, लाल. रोज एक पेटवायची. मुलांना दिवस मोजता यायला लागले आणि थोडं गणितही आलं. फांद्यांची हिरवाई त्यावर पुढे चढली, आणि घरोघरी फक्त रविवारच्या चार मेणबत्त्या उरल्या. आज आमची दुसरी पेटली. इथे साडेचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे दोन मेणबत्त्यांच्या उजेडाचंही मोल कळतं. पेटवायचा मान घरातल्या सगळ्यात धाकट्याला. सध्या तो आमच्या अर्णवचा आहे आणि तो तो कुणालाही देत नाही.

खिडकीतला मोठा टोकदार तारा हेर्नहूटचा, म्हणजे मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या गावचा. जर्मनीच्या पूर्वेकडच्या सॅक्सनीत नीस्की नावाच्या गावी याच पंथाची निवासी शाळा होती. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूमितीच्या तासाला मुलांकडून असे कागदी तारे करून घेत. शाळेतल्या बऱ्याच मुलांचे आईवडील मिशनच्या कामाला परदेशी असायचे. हे कळल्यापासून त्या ताऱ्याकडे बघताना मला त्या मुलांची आठवण होते. तू लेहला मोरावियन चर्च पाहिलं होतंस ना, ते याच पंथाचं. ताऱ्याला पंचवीस टोकं असतात. दर वर्षी ती एकेक करून जोडायची आणि नाताळ सरला की सुटी करून खोक्यात भरायची. जोडायला तास दीड तास सहज जातो. हे काम माझ्या नवऱ्याचं आणि लेकीचं.

आणि ती बरणीतली वाळकी काटकी! तिच्याबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण माझा जीव सगळ्यात जास्त तिच्यात आहे. चार डिसेंबरला संत बार्बराचा दिवस असतो. त्या दिवशी चेरीच्या झाडाची फांदी कापून घरात पाण्यात ठेवतात. सगळं जुळून आलं तर नाताळपर्यंत तिला फुलं येतात, बाहेर झाडं उघडीबोडकी असताना. मात्र फांदीनं आधी थंडी खाल्लेली हवी. थंडीच पडली नसेल तर काही जण फांदी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात आणि मग कोमट पाण्यात बुडवतात. पाणी दर तीन चार दिवसांनी बदलायचं आणि बरणी हीटरच्या जवळ न्यायची नाही. सध्या तिच्यावर मोहरीएवढे तपकिरी कोंब आहेत. लेक शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी बरणीपाशी जाते.

चोवीस खिशांची कापडी पट्टीही दिसली असेल. हे ॲडव्हेंटचं कॅलेंडर, सासूबाईंनी शिवलेलं. रोज एक खिसा उघडायचा. आत अक्रोड, एखादं चित्र, कधी चॉकलेट. छापील कॅलेंडरं ज्यांनी प्रथम लोकप्रिय केली ते गेरहार्ड लांग आमच्याच भागातल्या माउलब्रोनचे. त्यांच्या लहानपणी आईनं पुठ्ठ्यावर चोवीस बिस्किटं लावून दिली होती आणि रोज एक खायला परवानगी होती, असं सांगतात. त्या माऊलीनं पुठ्ठा आणि बिस्किटं घेतली, आणि आज जगभरची मुलं दारं उघडताहेत.

आता तुला ज्याचं खरं कुतूहल आहे त्याकडे येते. कुकीज. इथे श्वाबियात, म्हणजे आमच्या या भागात, त्यांना गुट्सले म्हणतात, आणि नोव्हेंबरच्या शेवटापासून शनिवार दुपार त्यांचीच. सासूबाई सकाळीच येतात, स्वतःचं लाटणं घेऊन. एक प्रकार करून भागत नाही. आठ दहा हवेतच. आणि ते सगळे असे एकात एक गुंतलेले असतात की बघत राहावं. साच्यानं कापायच्या लोण्याच्या बिस्किटांत अंड्यातलं पिवळं जातं, म्हणून उरलेल्या पांढऱ्याचे दालचिनीचे तारे होतात. त्या ताऱ्यांत मैदा अजिबात नसतो. पांढरं साखर घालून घट्ट फेसायचं, त्यातलं थोडं बाजूला काढायचं, बाकीच्यात बदामाची पूड आणि दालचिनी. बाजूला काढलेलं वरून लावायचं आणि मंद आचेवर, पांढऱ्याचा रंग न बदलता, वाळवल्यासारखं भाजायचं. दोन चकत्यांमध्ये जॅम भरतात त्यांच्यासाठी उन्हाळ्यात अंगणातल्या लाल करंट्स या बारक्या आंबट फळांचा जॅम करून ठेवलेला असतो. म्हणजे डिसेंबरची तयारी जुलैत सुरू झालेली असते.

पण या घराचा मानाचा पदार्थ म्हणजे श्प्रिंगरले. चार अंडी, अर्धा किलो पिठीसाखर, अर्धा किलो मैदा. लोणी नाही, तूप नाही. अंडी आणि साखर पूर्वी हातानं अर्धा तास घोटायचे; आता यंत्र आहे, तरी सासूबाई वेळ लावूनच घोटतात. मग मैदा आणि चिमूटभर अमोनिया, आपल्याकडे बेकरीवाले बिस्किटांत घालतात तोच. पूर्वी हरणाच्या शिंगांपासून करायचे. पीठ बोटभर जाड लाटायचं आणि त्यावर लाकडी साचा दाबायचा.

हे साचे तू एकदा हातात घेऊन बघायला हवेस. नासपतीच्या लाकडाचे, सासूबाईंच्या आजीचे. एकावर घोडेस्वार, एकावर पक्ष्यांची जोडी, एकावर परडी. घोड्याच्या आयाळीचा केस अन् केस कोरलेला. साच्याला मैद्याची पुरचुंडी हलकेच थोपटायची, मग दोन्ही तळव्यांनी सरळ वरून दाब द्यायचा आणि तसाच सरळ उचलायचा. जरा वाकडा झाला तर घोड्याला दोन पाठी. सासूबाईंच्या बोटांत आता संधिवात आहे, दाब बसत नाही. म्हणून दोन वर्षांपासून साचा आमची मीरा धरते आणि सासूबाई तिच्या हातांवर आपले हात नुसते ठेवतात. साचा उचलला की दोघी वाकून बघतात, आयाळ आली का.

मग कापून, भाजलेल्या ॲनिसच्या (बडीशेपेसारख्या वासाच्या) दाण्यांवर ठेवून, गार खोलीत दिवसभर वाळवायच्या. वरचा भाग वाळून त्याची कडक साय झाली पाहिजे. ओव्हनमध्ये गेल्यावर वरचं चित्र हलत नाही, पांढरंशुभ्र राहतं, आणि पीठ खालच्या ओल्या बाजूनं फुगून वर उचललं जातं. खाली जी खरबरीत कड दिसते तिला इथे "पाय" म्हणतात, आणि श्प्रिंगरले जमली की नाही ते पायावरून ठरतं. चव बघण्याआधी सासूबाई ती उलटी करून बघतात. शेजारच्या आजीही बघतात. भाजताना अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, पण खिडकी उघडली की दहा मिनिटांत उडून जातो आणि मागे ॲनिस राहतं. निघाल्यावर ती दगडासारखी कडक असतात. पत्र्याच्या डब्यात सफरचंदाची फोड घालून दोन तीन आठवडे ठेवली की मऊ पडतात. म्हणजे तीही नाताळशिवाय खाता येत नाहीत.

डबे तळघरात जातात. मुलांना रविवारी मेणबत्ती पेटल्यावर एक बशी मिळते, एरवी फक्त मोडलेलं खायची मुभा. आणि मग वाटप! शेजारी, पोस्टमन, शाळेतल्या बाई, डॉक्टरांकडच्या ताई, सगळ्यांना कागदी पिशवीत थोडी थोडी. आपल्या फराळाच्या ताटांसारखंच, रिकामी पिशवी कुणी परत करत नाही. कुणाचे तारे जास्त मऊ, कुणाचे पाय नीट आले, याची चर्चा थेट जानेवारीपर्यंत चालते. दुकानांत हे सगळं सप्टेंबरपासूनच मिळायला लागतं. मी मुद्दाम घेत नाही. ऊन पडलेलं असताना नाताळची चव तोंडात आली की डिसेंबरला काही शिल्लक राहत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि अखेर झाड. तेवीसच्या रात्री ते बाल्कनीत येऊन पडतं. चोवीसला सकाळी सासरे आणि माझा नवरा दिवाणखान्याचं दार आतून लावून घेतात. मुलांना आत बंदी. झाडावर गवताच्या काड्यांचे तारे, लहान लाल सफरचंदं, मीरानं भोकं पाडून भाजलेली बिस्किटं, आणि लाउशा गावच्या काचेचे काही जुने गोळे. स्ट्रासबुर्गमधल्या १६०५ सालच्या एका नोंदीत लिहिलंय की लोक घरात फरची झाडं उभी करतात आणि त्यांवर कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ बिस्किटं आणि साखर टांगतात. चारशे वर्षांपूर्वी खाऊच टांगत होते, तेव्हा आमच्या बिस्किटांना मोठा आधार आहे! मेणबत्त्या खऱ्या, मधमाश्यांच्या मेणाच्या, आणि पडद्याआड पाण्याची बादली भरलेली. संध्याकाळी छोटी घंटा वाजते, दार उघडतं. आधी गाणी, मग भेटवस्तू, मग बटाट्याची कोशिंबीर आणि सॉसेज. सणाच्या मानानं जेवण साधं असतं, कारण इतके दिवस ज्या बाईनं ओव्हनपुढे उभं राहून काढले तिला त्या रात्री तरी बसायला मिळावं. ही चाल ज्या कुणी पाडली तिला माझा नमस्कार.

तुला करून बघायचंय म्हणालीस, तर श्प्रिंगरले सोड, व्हॅनिला किप्फर्ल कर. अर्धचंद्राच्या आकाराची, तोंडात विरघळणारी. अंडं नाही, त्यामुळे तुझ्या सासूबाईंनाही चालतील. २८० ग्रॅम मैदा, २१० ग्रॅम गार लोणी (अमूलचं नेहमीचं नको, ते खारट असतं, बिनमिठाचं आण), १०० ग्रॅम बदामाची पूड, ८० ग्रॅम पिठीसाखर. बोटांनी भराभर एकत्र कर, मळत बसू नकोस, लोणी वितळतं. तासभर फ्रिजमध्ये ठेव. पेन्सिलीपेक्षा थोड्या जाड वळ्या कर, बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे काप, टोकं निमुळती करून वाकव. १७५ अंशांवर दहा बारा मिनिटं. कडांना जेमतेम रंग आला की बाहेर. निघाल्यावर दोन तीन मिनिटं थांब. फार गरम असताना उचललीस तर मोडतात, गार झाल्यावर साखर चिकटत नाही. कोमट असतानाच व्हॅनिलाच्या पिठीसाखरेत घोळव. व्हॅनिलाची शेंग मी पाठवतेय, ती मिळाली की लगेच फोडून पिठीसाखरेच्या बरणीत खुपसून ठेव, दोन आठवड्यांत साखरेला वास लागतो.

इथली एक विद्यार्थिनी सतरा तारखेला पुण्याला येतेय, तिच्याबरोबर एक डबा देतेय. त्यात श्प्रिंगरले सगळ्यात खाली आहेत, त्या चोवीसच्या आधी खाऊ नकोस. पोहोचल्या की पाय आलेत का ते उलटं करून बघ आणि मीराला तसं कळव, ती रोज विचारणार आहे. तुझ्या ओव्हनला खालची-वरची आच वेगळी करता येते का तेही लिही, म्हणजे पुढच्या वर्षी ताऱ्यांची कृती पाठवते.

काकूंना नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते सविस्तर कळव.

तुझी,
शुभा