योजनेत या, पण पहिल्या तासापासून कागद सांभाळा

ठाणे (पश्चिम),
१४ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या रुग्णालयाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत सहभागी व्हावे की नाही, आणि पैसे अडकतात असे जे सगळे सांगतात ते कितपत खरे आहे, हे तू विचारले आहेस. गेली अनेक वर्षे मी इथल्या एका खासगी रुग्णालयात याच योजनेच्या क्लेमच्या, म्हणजे झालेल्या खर्चाच्या मागणीच्या, टेबलावर बसतो, म्हणून सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगतो: अवश्य या. पैसे अडकतात हे खरे आहे, पण त्यापेक्षा एक वाईट गोष्ट घडते आणि ती तुमच्याकडे घडू नये, यासाठी हे पत्र.

२०१२ मध्ये ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. पुढे नाव बदलले, केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडणी झाली, आणि २०२३ च्या जुलैमधील शासन निर्णयाने मर्यादा पाच लाखांवर गेली व पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांबरोबर शुभ्र शिधापत्रिकाधारकही आत आले. उपचार रोखीविना, प्रत्येक शस्त्रक्रियेचे पॅकेज ठरलेले, आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी व औषधे त्याच रकमेत. खर्च आधी रुग्णालयाने करायचा आणि नंतर मागायचा. वाद सुरू होतो तो या ‘नंतर’ मध्ये.

पैसे कोण देतो, यावर बरेच अवलंबून असते. योजना चालवणारी राज्याची सोसायटी स्वतः क्लेमचे पैसे देते तेव्हा शासनाकडून निधी केव्हा येतो यावर सगळे अडते. विमा कंपनी मध्ये असते तेव्हा शासनाने दर कुटुंबामागे हप्ता आधीच ठरवलेला असतो आणि नाकारलेला प्रत्येक क्लेम कंपनीची बचत ठरतो. यात कोणाच्या मनात खोट असलीच पाहिजे असे नाही, रचनाच तशी आहे. दुसरी बाजूही मी नाकारणार नाही. न केलेल्या शस्त्रक्रियांची बिले लावणारी रुग्णालये देशभर सापडली आहेत, म्हणूनच खाटेवरच्या रुग्णाचा फोटो, स्टेंटच्या (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीच्या) खोक्यावरचा स्टिकर, अँजिओग्राफीची, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या चित्रीकरणाची, सीडी हे सगळे मागितले जाते, आणि ते मागणे रास्त आहे.

आता एक प्रकरण सांगतो. कळव्याचा एक रिक्षाचालक रात्री दोनच्या सुमारास छातीत कळ येऊन आमच्याकडे आला. तातडीची तोंडी मंजुरी फोनवर घेतली, पहाटेपर्यंत दोन स्टेंट बसले, माणूस वाचला. क्लेम गेला आणि तीन आठवड्यांनी क्वेरी, म्हणजे त्रुटीची विचारणा, आली: एकाच स्टेंटचा स्टिकर दिसतो. मी मूळ फाइल काढली. दुसरा स्टिकर कॅथलॅबच्या (स्टेंट बसवतात त्या खोलीच्या) कागदाच्या पाठीमागे चिकटवलेला होता आणि स्कॅन करताना कोणी पान उलटलेच नव्हते. चूक आमची. तो पाठवला, तर दुसरी क्वेरी: स्टेंट बसवल्यानंतरचे चित्र अस्पष्ट आहे. तेही पाठवले, तर तिसरी: दाखल करतानाच्या नोंदीवर डॉक्टरांच्या सहीशेजारी वेळ नाही. तिन्ही गोष्टी पहिल्या दिवशी त्याच फाइलमध्ये दिसत होत्या, मग तिन्ही एकदम का विचारल्या नाहीत? प्रत्येक क्वेरीबरोबर दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आयुष्मानच्या नियमांत राज्यातल्या राज्यात १५ दिवसांत आणि परराज्यातील रुग्णासाठी ३० दिवसांत पैसे देण्याची मुदत आहे. आमचे पैसे पाचव्या महिन्यात, तेही काही रक्कम कापून आले.

पण मला झोप लागू दिली नाही ती यातली दुसरीच गोष्ट. त्या रात्री आमच्याच काउंटरवरच्या मुलाने ‘मंजुरी आली की परत मिळतील’ असे सांगून त्या कुटुंबाकडून दहा हजार रुपये अनामत भरून घेतले होते. योजनेत हे चालत नाही. लेखी मंजुरी सकाळीच आली, तरी आमच्या हिशेब विभागाने क्लेम सुटेपर्यंत परतावा रोखला. रिक्षाचालकाचा मुलगा चार वेळा आला. घामाने मऊ झालेली, चार घड्यांची ती पावती तो प्रत्येक वेळी काचेखालून सरकवायचा आणि विचारायचा, “काका, आज होईल का?” भांडण आमचे आणि पैसे देणाऱ्यांचे, त्यात त्या मुलाचा काय संबंध? चौथ्या खेपेला मी व्यवस्थापकांच्या खोलीत जाऊन बसलो आणि धनादेशावर सही झाल्याशिवाय उठलो नाही. हे मी पहिल्याच खेपेला का केले नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

हरियाणात २०२५ च्या ऑगस्टमध्ये थकबाकीमुळे खासगी डॉक्टरांच्या संघटनेने आयुष्मानची सेवा थांबवली, तेव्हा डॉक्टरांची बाजू मला पटत होती, आणि तरीही त्या दिवसांत कार्ड हातात घेऊन दारातून परत गेलेल्यांचे काय झाले असेल, हेच मनात येत राहिले.

म्हणून तुला सांगतो. क्लेमसाठी वेगळा माणूस नेम, आणि तो रात्रपाळीलाही असू दे, कारण फाइल बिघडते ती रात्री. स्टिकर एकाच ठरलेल्या पानावर लावा, प्रत्येक सहीशेजारी वेळ घाला. दोन-तीन महिन्यांचे पगार आणि औषधांची बिले भागतील एवढी रक्कम बाजूला ठेवूनच करार कर. कपात चुकीची वाटली तर गप्प बसू नकोस, लेखी हरकत घे. तक्रार निवारणाच्या समित्या जिल्ह्यापासून वरपर्यंत आहेत. आणि काउंटरवरच्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावून ठेव, की योजनेच्या रुग्णाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, मंजुरी यायची असली तरी.

दिवाळीनंतरची गर्दी ओसरली की दोन दिवस इकडे ये. आमच्या नाकारल्या गेलेल्या क्लेमच्या फायली मी वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. नावे झाकून तुला एकेक दाखवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र