बुटाच्या खोक्यातले अकरा बोर्ड

स्टुटगार्ट, रविवार रात्र

प्रिय नंदू,

परवा तुझा फोन दोनदा कापला, रागावू नकोस. एका हातात भिंग, दुसऱ्यात मल्टिमीटर आणि समोर बुटाचं खोकं, अशी गत होती. गोपिंगेनजवळच्या जुन्या बाजारात मिळालं. गोपिंगेन म्हणजे खेळण्यातल्या आगगाड्या बनवणाऱ्या मार्कलिन कंपनीचं गाव, तिथल्या अडगळीत आगगाड्या निघायच्याच. इंजिनं, डबे लोकांनी आधीच उचलले होते. मला बारा युरोत अकरा सर्किट बोर्ड मिळाले. नाव नाही, कागद नाही.

पहिल्याच बोर्डाला मी शहाण्यासारखा ट्रान्सफॉर्मरचा 16 व्होल्ट एसी लावला. बारीकसं फट्, आणि मग कॉलेजच्या लॅबमधला तो वास! नंतर बघितलं तर बोर्ड पाच व्होल्टचा. पुण्याच्या तपकीर गल्लीत भंगार चाळताना तू ओरडायचास ते आठवलं, "मोठ्या आयसीकडे काय बघतोस, बाहेर जाणारी तार कुठनं निघते ते बघ!" दुसऱ्या बोर्डापासून तुझंच ऐकलं.

त्याच्या कडेला तारांचे चार सॉकेट, आणि त्यांच्यामागे अठरा पायांचा आयसी, यूएलएन2803. आत आठ डार्लिंग्टन, म्हणजे जास्त करंट पेलणारे ट्रान्झिस्टरचे आठ स्विच. रूळ बदलणाऱ्या एका सांध्याला दोन कॉइल लागतात, म्हणजे हिशेब चार सांध्यांचा. मागे मोटोरोलाचा एमसी145027, म्हणजे आलेला हुकूम उलगडणारा आयसी, आणि आठ इवल्या कळा. मार्कलिनच्या के83 च्या जातीचा सांधे-डिकोडर, म्हणजे हुकूम ओळखून सांधे हलवणारा, पण घरी केलेला. सोल्डरिंग तुझ्यापेक्षाही वाईट आहे.

तिसऱ्यावर दोन 4014 आणि चार 4044 आयसी. सोळा इनपुट, दोन्ही टोकांना सहा-सहा पिना. हा एस88, गाडी कुठल्या रुळावर उभी आहे ते कळवणारा. त्याला ओळखायला चहा गार व्हायच्या आत जमलं. बाकीचे बरेचसे नुसते डायोड आणि कपॅसिटर, त्यांचं सांगत बसत नाही.

खरी मजा चौथ्यात. नखाएवढा तुकडा, निळ्या प्लॅस्टिकच्या आवरणात, तारा अर्ध्यात कापलेल्या. पण रंग शाबूत होते: लाल-काळी रुळाकडून, नारिंगी-करडी मोटारीला, पांढरी-पिवळी दिव्यांना, निळी सगळ्यांची सामायिक. म्हणजे डीसीसीचा, रुळातूनच हुकूम पाठवायच्या डिजिटल पद्धतीचा, इंजिनात बसणारा डिकोडर. अशा डिकोडरच्या सीव्ही 8 मध्ये, म्हणजे त्याच्या स्मृतीतल्या आठव्या कप्प्यात, बनवणाऱ्या कंपनीचा नंबर असतो: लेन्झचा 99, ईएसयूचा 151. प्रोग्रॅमिंगच्या रुळाला जोडलं, विचारलं, उत्तर नाही. पुन्हा विचारलं, नाही. मेलाय म्हणून डब्यात टाकणार होतो, इतक्यात डोक्यात आलं, हा बोलणार कशानं? त्याचा 'हो' म्हणजे क्षणभर जास्त करंट ओढणं, साधारण 60 मिलिअँपिअर, 6 मिलिसेकंद, आणि तो ओढतो मोटारीतून. मोटार आहे कुठे! नारिंगी आणि करड्या तारेत 100 ओमचा रेझिस्टर टाकला. पडद्यावर 145. व्हिएन्नाचा झिमो! मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो, आणि हिनं येऊन दिवा बंद केला.

आता एक उरलाय. आयसीचा नंबर कुणीतरी मुद्दाम खरवडलाय. शेजारी 6एन137, प्रकाशातून सिग्नल पलीकडे देणारा ऑप्टोकपलर, म्हणजे रुळावरचा सिग्नल तो ऐकतो हे नक्की. एक जाडसर रेझिस्टर, आणि एक दुहेरी रिले. रिलेच्या पोटाखाली तांब्याचे पट्टे फुलीसारखे एकमेकांवरून जातात. मला वाटतं, वळसा घालून गाडी त्याच रुळावर परत येते, तेव्हा डावा रूळ उजव्याला भिडतो, तिथं पोलॅरिटी उलटवायला असावा. पण रेझिस्टर तिथं का, ते मला पटत नाहीये. शॉर्ट ओळखायला? दोन्ही बाजूंचे फोटो पाठवतो, तू शांतपणे बघ. माझ्यासारखा आधी व्होल्टेज लावून बघू नकोस म्हणजे झालं, तुला ते तिकडून जमणारही नाही म्हणा.

आणि हो, त्या एस88 मधली एक 4014 मेली आहे. तपकीर गल्लीत गेलास तर दोन घेऊन ठेव, डिसेंबरात येतो तेव्हा नेईन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा